इंजिन कोणते होते?

या मालिकेत आपण आजवर किल्ले, ताम्रपट, नाणी आणि बखरी यांच्याविषयी बोललो. आजचा धागा एका इंजिनाविषयी आहे आणि त्याचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून होतो.

दोन वर्षांपूर्वी याच ठिकाणी मी एक धागा लिहिला होता. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान आकाशात चढवले, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी हा पराक्रम एका मराठी माणसाने केला, असे मी त्यात ठामपणे म्हटले होते. विमान दीड हजार फूट चढले, ते पाऱ्याच्या साहाय्याने चालत होते, समोर प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती, असा सगळा तपशील त्यात होता. माझ्या इतर कोणत्याही धाग्यापेक्षा तो अधिक वाचला गेला. जुन्या वाचकांपैकी अनेकांनी तो आपल्या गटांत पुढे पाठवल्याचेही मला ठाऊक आहे. म्हणूनच ही दुरुस्ती इथेच, सर्वांसमोर करणे मला आवश्यक वाटते.

ती करण्याची वेळ माझ्यावर कुणा प्राध्यापकाने आणली नाही. ती आणली माझ्या मामाने.

माझे आजोळ नरखेड. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. मामाची तिथे छोटीशी वर्कशॉप आहे. बागायतदारांचे फवारणीचे एचटीपी पंप, विहिरीवरच्या मोटारी, जुनी डिझेल इंजिने आणि अधूनमधून एखादी बुलेट असे सगळे तिथे दुरुस्तीला येते. मामाचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा वर्कशॉपमागच्या टिनाच्या शेडमध्ये त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक सांगाडा उभा केला होता. एका माणसाची बैठक, वर पंखांसाठी आधार, मागे शेपटीची चौकट. आणि शेडच्या भिंतीवर, कागदावर छापून चिकटवलेला माझा धागा. “ताई, तुझं वाचूनच सुरू केलं,” असे तो म्हणाला, आणि मला अभिमान वाटला हे मी लपवणार नाही.

मामाने मात्र तो कागद पुन्हा एकदा सावकाश वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “हे सारं बराबर हाय वं. पन इंजन कोन्तं व्हतं त्याले?”

मी म्हटले, पाऱ्याचे.

“पारा तं थर्मामीटरातबी असते. पंखा फिरवे का काय करे थो? वजन केवढं? थंडं कायनं होये?”

यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. इतिहासाच्या वर्गात आम्हांला साधनचिकित्सा शिकवतात. साधन समकालीन आहे का, लिहिणारा साक्षीदार होता का, त्याचा हेतू काय, असे प्रश्न आम्ही बखरींना विचारतो. परंतु यंत्राच्या इतिहासात आणखी एक प्रश्न असतो आणि तो माझ्या मनातही आला नव्हता. यंत्र चालायचे तर त्याला शक्ती कुठून मिळत होती?

परत आल्यावर मी माझ्याच धाग्याचे संदर्भ उलटे तपासायला घेतले. अनुभव लाजिरवाणा होता. प्रत्येक संदर्भ दुसऱ्या एखाद्या अलीकडच्या लेखाकडे बोट दाखवत होता, तो तिसऱ्याकडे, आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे. ‘केसरी’त बातमी आली होती असे सगळे म्हणतात, माझ्या धाग्याने आधार घेतलेल्या एकाही लेखाने तिचा अंक आणि तारीख दिलेली नव्हती. मी तरी कुठे शोधली होती?

तळपदे ही कल्पित व्यक्ती नव्हे. १८६४ ते १९१६ हा त्यांचा जीवनकाळ. चिराबाजारातले, वैदिक वाङ्मयात आणि विमानविद्येत रस असलेले ते गृहस्थ होते. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी त्यांचे नाव जोडले जाते, त्या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८९५ चे विमान १९०४ नंतरच्या ग्रंथावरून बांधले गेले, असे तर आपण म्हणू शकत नाही.

राहिला पारा. काहीजण म्हणतात की ते आयन इंजिन होते, ‘नासा’ आज जे करते ते आपण तेव्हाच केले. पाऱ्याचे आयन इंजिन ‘नासा’ने खरोखरच अवकाशात चालवून पाहिले आहे, १९७० च्या ‘सर्ट-२’ या मोहिमेत. त्याचा रेटा किती होता? सुमारे २८ मिलिन्यूटन. म्हणजे तीन ग्रॅमांपेक्षाही कमी वजन पेलण्याइतका.  हवा नसलेल्या अवकाशात असा रेटा महिनोन्महिने देत राहिल्याने उपयोग होतो. चौपाटीवर होत नाही.

तेव्हा माझा पहिला धागा मी मागे घेते. ते उड्डाण घडले असे म्हणण्यासाठी पुरेसा आधार नाही. तो धागा खोडून न टाकता त्याच्याखाली ही दुरुस्ती जोडून ठेवते आहे, म्हणजे मी काय लिहिले होते हेही दिसत राहील.

पण माझ्यापुढची खरी चिंता निराळी होती. धागा मागे घेता येतो. शेडमधला सांगाडा कसा मागे घेणार? माझ्या शब्दांवर विश्वास ठेवून एक वीस वर्षांचा मुलगा जमिनीपासून वर जाण्याची तयारी करत होता. मी त्याला फोन करून सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मंग राइट भावाईनं कोन्तं लावलं व्हतं, ते सांग.”

ते मात्र मला नीट सांगता आले, कारण ती कागदपत्रे, छायाचित्रे आणि यंत्राचे अवशेष जगापुढे आहेत. १९०२ च्या अखेरीस ग्लायडर हाताशी आल्यावर राइट बंधूंनी मोटार बनवणाऱ्या अनेक कंपन्यांना पत्रे लिहिली. निदान ८ अश्वशक्ती हवी आणि वजन ८०-९० किलोंच्या आत हवे, एवढीच मागणी होती. समाधानकारक उत्तर कुणाकडूनही आले नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला यंत्रकार चार्ली टेलर याने लेथ आणि ड्रिल यांवर सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे इंजिन घडवले. त्याचे कवच ॲल्युमिनियमचे ओतीव होते. कार्ब्युरेटर जवळजवळ नव्हताच. पेट्रोल एका उथळ ताटलीत ठिबकायचे आणि उष्णतेने त्याची वाफ व्हायची. आजच्यासारखे स्पार्क प्लगही नव्हते. सुरू केल्यावर पहिली काही क्षणे ते १६ अश्वशक्ती देई आणि तापले की १२ वर येऊन स्थिरावे. इंजिनाच्या दातेरी चाकाला ८ दात, पंख्याच्या चाकाला २३, मध्ये साखळी. म्हणजे इंजिन जलद फिरायचे आणि दोन मोठे पंखे संथ फिरायचे. १७ डिसेंबर १९०३ रोजी याच यंत्राने पहिल्यांदा १२ सेकंद आणि त्या दिवशीच्या चौथ्या खेपेस ५९ सेकंद माणसाला हवेत नेले.

याच सुमारास सॅम्युअल लँगली यांच्यापाशी सरकारी अनुदान होते आणि ५२ अश्वशक्तीचे अप्रतिम इंजिन होते. त्यांचे विमान ऑक्टोबर आणि डिसेंबर १९०३ मध्ये दोनदा थेट पोटोमॅक नदीत गेले. यावर मामाची प्रतिक्रिया एवढीच होती: “नुसतं इंजन चांगलं असून का होते?”

मामाला सर्वांत भावले ते वजनाचे गणित. आमच्याकडे विहिरींवर वर्षानुवर्षे चाललेले ‘लिस्टर टाइप’ डिझेल इंजिन ६ अश्वशक्तीचे असते आणि फ्लायव्हीलसकट तीनशे किलोंच्या वर भरते. टेलरने त्याच्या दुप्पट शक्ती ८० किलोंच्या आसपास वजनात बसवली होती, आणि तीही १९०३ साली. मामा किती वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

आता शेडमधल्या सांगाड्याकडे येऊ. हौशी लोक जगभर घरी विमाने बांधतात आणि त्यांच्यापुढचा सर्वांत महाग प्रश्न हाच असतो. अशा छोट्या विमानांसाठी खास बनवलेली इंजिने मिळतात. रोटॅक्स ९१२ हे त्यांतले ख्यातनाम. ८० अश्वशक्ती, वजन साठ किलोंच्या आसपास. त्याची किंमत मामाच्या वर्कशॉपच्या कैक वर्षांच्या कमाईइतकी. म्हणून पर्याय शोधणे आले. मामेभावासमोर दोन होते: भंगारातून आणलेले ३५० सीसी बुलेटचे इंजिन आणि अपघातग्रस्त मारुती ८०० मधून काढलेले तीन सिलिंडरांचे.

इथे मला बर्नार्ड पिटेनपोल हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला गृहस्थ आठवला. १९२९ साली त्याने फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन आपल्या घरगुती विमानाला बसवले आणि ते उत्तम उडाले. त्याचे आराखडे १९३२ साली प्रसिद्ध झाले आणि लोक आजही त्यावरून विमाने बांधतात. मामेभावाने लगेच निष्कर्ष काढला की मोटारीचे इंजिन चालते! पण तेव्हाचे मोटारीचे इंजिन आणि आजचे यांत एक मूलभूत फरक आहे. फोर्ड ए आपली ४० अश्वशक्ती अवघ्या २२०० फेऱ्यांना देत असे, त्यामुळे पंखा थेट त्याच्या दांड्याला बसवता आला. मारुतीचे इंजिन आपली पूर्ण शक्ती पाच हजारांच्या पुढे देते. दीड मीटरचा पंखा मिनिटाला ५,५०० फेऱ्यांनी फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सव्वाचारशे मीटरांहून अधिक होतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पलीकडे. मग पंखा रेटा कमी आणि गोंगाट अधिक देतो. म्हणून मध्ये बेल्ट-पुली किंवा गिअर घालून वेग निम्म्यावर आणावा लागतो. त्याचे वजन, शिवाय रेडिएटर, पाणी, नळ्या यांचे वजन. परदेशात सुझुकीची तीन सिलिंडरांची इंजिने अशा रीतीने अनेकांनी उडवली आहेत. परंतु त्यांनी ते वर्षानुवर्षांच्या खटपटीने साधले.

आणखी एक गोष्ट मामाने माझ्या आधी ओळखली. मोटार रस्त्यावर असताना इंजिन बहुतेक वेळ निवांत असते. पूर्ण जोर घाटात किंवा ओव्हरटेक करतानाच लागतो. विमानाचे इंजिन चढताना पूर्ण जोराने आणि पुढेही तासन्‌तास सुमारे सत्तर टक्के जोराने चालते. “म्हंजे फवारनीच्या पंपावानी,” मामा म्हणाला. म्हणूनच विमानाच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो ठेवण्याची रीत पडली. एक गेला तरी दुसरा खाली उतरवतो. बुलेटला सिलिंडरच एक आणि प्लगही एक.

मी मामेभावाला एका मराठी अभियंत्याविषयीही सांगितले, कारण भिंतीवरचा तळपद्यांचा कागद गळून पडल्याने त्याला वाईट वाटले होते. कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे. गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १९४० साली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. त्यांनी आखलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले तेव्हा त्याला डी हॅविलँडचे जिप्सी मेजर इंजिन होते. पुढच्या नमुन्याला १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर बसवले आणि १९५२ च्या फेब्रुवारीत तो उडाला. सांगाडा तोच, इंजिन वेगळे. अशी दीडशेहून अधिक विमाने बनली आणि स्वतंत्र भारताच्या वैमानिकांची एक आख्खी पिढी त्यांवर शिकली. घाटग्यांवर चित्रपट निघाला नाही. मला वाटते, ज्याचा कागद उपलब्ध आहे त्याची आपल्याला फारशी भुरळ पडत नाही.

आणि जिथे मनाजोगते इंजिन मिळाले नाही, तिथे काय झाले? ‘मारुत’ हे लढाऊ विमान पाहावे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने बंगळूरला ते आखले, ब्रिटनच्या ऑर्फियस १२ या आफ्टरबर्नर असलेल्या इंजिनासाठी. ब्रिटिशांनी त्या इंजिनाचा विकास थांबवला आणि तो पुढे नेण्याचा खर्च भारतानेही उचलला नाही. १७ जून १९६१ रोजी विमान उडाले ते कमी जोराच्या ऑर्फियस ७०३ वर. मग पर्यायाचा शोध सुरू झाला. अगदी इजिप्तमध्ये घडत असलेले ई-३०० इंजिनसुद्धा १९६७ मध्ये एका मारुतवर चढवून तपासले गेले. काही जमले नाही. मारुत १९७१ च्या युद्धात शर्थीने लढले, पण ज्या वेगासाठी ते आखले होते तो वेग त्याला कधीच लाभला नाही. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही कथा, तर टिनाच्या शेडची काय असणार?

परवान्याचा विषय मी थोडक्यात काढला. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात सर्वांनी पाहिले. नोंदणी मिळायला २०१७ उजाडले आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये आली. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक असून ही स्थिती. मामेभाऊ म्हणाला, “मले पह्यले इंजन तं चालू दे.” हे उत्तर मला पटले नाही. परवानगी, प्रशिक्षण आणि तपासणी यांशिवाय चाके जमिनीवरून उचलणार नाही, असे मी त्याच्याकडून मामासमोर वदवून घेतले. सोबत आन्री मिन्ये यांच्या ‘फ्लाइंग फ्ली’ची हकिगत सांगितली. १९३० च्या दशकात युरोपात हौशी मंडळींनी छोटी इंजिने लावून ती विमाने घरोघरी बांधली. दोष इंजिनात नव्हता, पंखांच्या मांडणीत होता. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की ते वर येत नसे. माणसे मेल्यानंतर पूर्ण आकाराचे विमान वातबोगद्यात ठेवून तपासले तेव्हा ते उमगले.

फेब्रुवारीत, मृग बहाराची तोडणी चालू असताना मी पुन्हा गेले. बुलेटचे इंजिन बेल्ट-पुलीसह सांगाड्यावर चढले होते. पंखा सागवानाचा, हाताने तासलेला. मामाने सांगाड्याची मागची बाजू साखळदंडाने कडुलिंबाच्या बुंध्याला बांधली होती आणि मध्ये संत्री तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला होता. आसनावर कुणी बसायचे नाही, पंख्याच्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही, ही मामाची ताकीद. मी वही घेऊन बाजूला उभी.

गणित आम्ही आदल्या रात्री मांडले होते. माणूस आणि पेट्रोल धरून सगळे मिळून २२० किलो. अशा नळ्यांच्या विमानाला समपातळीत नुसते उडत राहण्यासाठी वजनाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका रेटा लागतो, म्हणजे ३१ किलो. चढायचे तर त्याहून बराच जास्त. आणि उभ्या जागी काट्यावर जो रेटा दिसतो, तो विमान पळू लागले की आणखी घटतो.

इंजिन सुरू झाले. धूळ, सुकी पाने, शेजारच्या कोंबड्या, सगळे एकदम उडाले. काटा ३८ किलोंवर गेला आणि मामेभाऊ ओरडला. मी वहीत आकडा आणि वेळ लिहिली. दुसऱ्या मिनिटाला ३६. चौथ्या मिनिटाला ३३. सहाव्या मिनिटाला २९, आणि सिलिंडरच्या डोक्यापासून तापलेल्या तेलाचा वास येऊ लागला तसे मामाने हात वर करून इंजिन बंद करवले.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मामेभाऊ काट्याकडे बघत होता. त्या सहा मिनिटांनंतर त्याला समजावण्यासारखे माझ्याकडे काही उरले नव्हते; २९ हा आकडा त्याच्याच हातच्या यंत्राने दिला होता. मला सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याची थोडी लाजही वाटली.

संध्याकाळी तो शेडमध्ये गेला. भिंतीवरचा माझा धागा त्याने काढून घडी करून माझ्या हातात दिला आणि त्या जागी वहीतले पान चिकटवले: मिनिट, किलो, शेरा. खाली पेनाने लिहिले, ‘बुलेट, एक सिलिंडर, बेल्ट.’ त्याच्या पुढे रिकामी रकाने आखून ठेवले. मारुतीचे इंजिन अजून कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे.

जेवताना मामाने विचारले, “त्या राइटाच्या मिस्त्रीचं इंजन पह्यल्याच खेपेले चाललं व्हतं का?”

मी सांगितले की नाही. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी चालू असतानाच बेअरिंग जाम झाले आणि ॲल्युमिनियमचे कवच फुटले. नवे ओतून घ्यावे लागले.

“किती दिस लागले?”

“एप्रिलात आलं.”

“दोन मयने,” मामा म्हणाला आणि मुलाच्या ताटात भाकर वाढली.